पुढचं सगळं माहीत असताना

एखाद्याला तोच विनोद दुसऱ्यांदा सांगितला तर तो भिडेखातर हसतो, तिसऱ्यांदा सांगितला तर विषय बदलतो. हे आपण सगळेच जाणतो आणि शक्यतो पाळतोही. पण रविवारी दुपारी टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की हा शिरस्ता घराघरांत बिनदिक्कत मोडला जातो. १९८८च्या सप्टेंबरात आलेला हा चित्रपट तेव्हा थिएटरात जाऊन पाहणारे आता आजी-आजोबा झालेत, आणि त्यातली वाक्यं नातवंडांनाही तोंडपाठ आहेत. वाक्य पडद्यावर यायच्या आधी सोफ्यावरचं कुणीतरी ते म्हणून टाकतं, मग अशोक सराफ म्हणतात, आणि हशा दोनदा पिकतो.

विनोदाच्या जुन्या सिद्धांतांना ही गोष्ट अडचणीची आहे. कांटसारख्या तत्त्ववेत्त्याने अठराव्या शतकात मांडलं ते थोडक्यात असं: आपली अपेक्षा ताणली जाते, मग ती अचानक हवेत विरते आणि हसू फुटतं. नंतरच्या अनेकांनी कमी-अधिक फरकाने हेच म्हटलं. अपेक्षाभंग हाच विनोदाचा जीव असेल, तर पंधराव्यांदा पाहताना कुठली अपेक्षा आणि कसला भंग? आपल्याला तर अक्षरन् अक्षर ठाऊक असतं.

मला वाटतं, पुन्हापुन्हा पाहिल्या जाणाऱ्या विनोदी चित्रपटांची खुबी अगदी उघड्यावर आहे. ते प्रेक्षकापासून काही लपवतच नाहीत. लपवाछपवी असते ती पात्रांपासून. आपण पहिल्यांदा पाहतो तेव्हाही आपल्याला गुपित माहीत असतं, त्यामुळे दहाव्यांदा पाहताना काही गमावलेलं नसतं.

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखायला लावतात. हिचकॉक बोलत होता भीतीबद्दल, पण प्रहसन लिहिणारे हीच युक्ती कितीतरी आधीपासून वापरत आले आहेत. त्यांच्या टेबलाखाली बॉम्बऐवजी साडी नेसलेला पुरुष असतो.

'बनवाबनवी'चा सांगाडाच घ्या. पुण्यात जागा मिळत नाही. लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा आहे, पण ती जोडप्यांसाठी. म्हणून चार पुरुषांपैकी दोघं बायका होतात. परशाची पार्वती होते, सुधीरची सुधा. इथून पुढे पडद्यावरच्या प्रत्येक साध्या वाक्याला दोन अर्थ येतात. लीलाबाईंनी मायेने चौकशी केली तरी आपल्या पोटात गोळा येतो. अशोक सराफांच्या धनंजय मानेंनी बायकोची ओळख करून देताना 'हा माझा बायको' म्हटलं की आपण हसतो. ही चूक व्याकरणाची आहे म्हणून ते हसू येत नाही. धनंजयच्या जिभेने खरं बोलून टाकलं हे आपल्यालाच कळलेलं असतं. हे वाक्य कितीदा ऐकलं तरी त्यातला खरा आणि खोटा अर्थ एकमेकांवर घासतच राहतात.

डोहाळजेवणाचा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती म्हणून नटूनथटून मधोमध बसलाय, भोवती बायकांचं कौतुक चाललंय, गाणं चाललंय. गोष्ट म्हणून पाहिलं तर इथे काहीच घडत नाही. कुणी पकडलं जात नाही, कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. तरी हा प्रसंग वारंवार पाहावासा वाटतो, कारण पडद्यावर एकाच वेळी तीन माणसं बसली आहेत: लक्ष्मीकांत हा नट, त्याने उभा केलेला परशा, आणि परशाने कशीबशी उभी केलेली पार्वती. पार्वती लाजते, आणि त्या लाजण्याच्या मागून परशा घाबरून डोकावतो. सचिनची सुधा तुलनेने नीटस आहे, डोळ्यांना खटकत नाही. लक्ष्मीकांतची पार्वती मात्र सतत सुटत असते, कधी आवाजातून तर कधी चालीतून, आणि प्रत्येक वेळी ती घाईघाईने सावरली जाते. दोघेही सारखेच नीटस असते तर चित्रपट निम्माच विनोदी झाला असता. पहिल्यांदा पाहताना आपलं लक्ष 'आता पकडले जातील का' याकडे असतं. पुढच्या खेपांना त्या सुटण्या-सावरण्याकडे जातं, आणि मजा खरी तिथे भरलेली आहे.

पुरुषाने बाईचं सोंग घेणं हा जुनाच धंदा. ब्रँडन थॉमसचं 'चार्लीज आंट' १८९२ साली लंडनला आलं आणि त्याचे १,४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्र्यांनी त्याची 'मोरूची मावशी' केली आणि विजय चव्हाणांनी ती मावशी अशी काही नाचवली की मूळ इंग्रजी नाटकाचं नाव विचारायची कुणाला गरजच उरली नाही. त्याच्याही आधी आपल्याकडे बालगंधर्व होते. पण तिथे साडीतला पुरुष विसरायला लावणं ही कला होती. प्रहसनात तो विसरू न देणं ही कला आहे.

आता प्रश्न उरतो सुट्या वाक्यांचा. घरमालक सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये आणि ते 'वारले' हे धनंजयचं उत्तर, हा तसा एका ओळीचा विनोद. यात टेबलाखाली काही नाही. नियमाप्रमाणे तो दुसऱ्यांदा पडायला हवा होता. तो का पडत नाही? कागदावर लिहून पाहिला तर खरंच पडतो. कुणाला चित्रपट न दाखवता नुसता सांगून पाहा, समोरचा 'बरं, मग?' असा चेहरा करील. तो उभा राहतो तो अशोक सराफ यांच्या सपाट, किंचित दुःखी स्वरावर आणि तेवढाच सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर. एक माणूस शोक प्रकट करतोय आणि दुसरा आपले पैसे मोजतोय. वाक्य संपल्यावरचा तो क्षण, सरपोतदारांच्या चेहऱ्यावर हिशोब उमटतो आणि बुडतो तो, ही खरी हशाची जागा. विनोदी वाक्य बोलणाऱ्याचं नाव होतं, ते झेलणाऱ्याचं होत नाही. सुधीर जोशी, शरद तळवलकर यांच्यासारख्या झेलणाऱ्या नटांची मोजदाद आपण फार उशिरा केली, असं माझं मत आहे.

अशोक सराफ, लक्ष्मीकांत, सुधीर जोशी ही सगळी मंडळी रंगभूमीवर तयार झालेली. नाटकवाल्याला एक गोष्ट हाडामासी शिकावी लागते, ती म्हणजे हशा घ्यायची. प्रेक्षक हसत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं; हसू पुरतं विरल्यावर टाकलं तर प्रयोग ढेपाळतो. हसू ओसरू लागतं त्या नेमक्या क्षणी पुढचा चेंडू टाकायचा. नाटकात हे रोज प्रेक्षकांकडे बघून जमवता येतं. सिनेमात प्रेक्षक समोर नसतो, आणि एकदा संकलन झालं की तो ठोका कायमचा ठरतो.

बिली वाइल्डरने 'सम लाइक इट हॉट' (१९५९) करताना या अडचणीवर तोडगा काढला होता. हाही साडीवाल्यांचाच भाऊबंद. गुंडांपासून जीव वाचवायला दोन वादक बायकांच्या वेषात बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. एका प्रसंगात जॅक लेमन खुशीत येऊन सांगतो की आपला साखरपुडा झाला, एका लक्षाधीश पुरुषाशी. टोनी कर्टिस त्याला शुद्धीवर आणायचा प्रयत्न करतो. इथे प्रेक्षक इतके हसतील की पुढचं वाक्य ऐकूच येणार नाही, हे वाइल्डरने हेरलं आणि लेमनच्या हातात माराका म्हणजे खुळखुळे दिले. प्रत्येक वाक्यानंतर लेमन ते वाजवतो, दोन पावलं नाचतो, मग पुढचं बोलतो. हशासाठी जागा ठेवली, पण ती रिकामी ठेवली नाही. आज घरी एकट्याने पाहिलं तरी तो प्रसंग ओस वाटत नाही, कारण हसण्यासाठी सोडलेल्या जागेत लेमनचं ते वेडं सुख भरलेलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी चित्रपटांत हशासाठी सोडलेल्या जागा तशाच उघड्या पडल्या आहेत. विनोदी संवाद, मग 'टुंईं' असा आवाज, मग चेहऱ्यावर झूम. असे चित्रपट दुसऱ्यांदा लागले की आपण चहा ठेवायला उठतो.

पुन्हापुन्हा पाहण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्यात प्रेक्षकाऐवजी प्रसंगच भाषा बदलत फिरतो. श्रीधर या दिग्दर्शकाचा 'कादलिक्क नेरमिल्लै' हा तमिळ चित्रपट १९६४ साली आला. त्यात चित्रपट काढायचं वेड लागलेला मुलगा (नागेश) आपल्या चिक्कू बापाला (टी. एस. बालैया) एक भयकथा ऐकवतो. पैसे मिळवण्यासाठी ऐकवायला घेतलेल्या गोष्टीत दाराची करकर, पावलं, किंकाळी सगळं तो तोंडानेच करतो, आणि नको नको म्हणणारा बाप हळूहळू खुर्चीत आक्रसत जातो. दोन वर्षांनी श्रीधरनेच हिंदीत 'प्यार किये जा' केला. तिथे तीच गोष्ट मेहमूदने ओमप्रकाशला ऐकवली आणि मेहमूदला त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८५ साली महेश कोठारेंनी याच कथेवर 'धुमधडाका' काढला, त्यात बाप-लेक झाले शरद तळवलकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे. तिन्ही भाषांत प्रसंगाची मदार बापावर आहे. गोष्ट सांगणारा कितीही नाचला तरी हसू येतं ते ऐकणाऱ्याच्या घशाला पडणाऱ्या कोरडीमुळे. आणि हा प्रसंग मुळात पुन्हा पाहण्याबद्दलचाच आहे म्हणा ना: खोटं आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूसही त्यात कसा ओढला जातो, तेच तो दाखवतो.

'बनवाबनवी'चीही वंशावळ अशीच. 'जय मा काली बोर्डिंग' (१९५५) हा बंगाली चित्रपट, त्यावरून हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६), आणि त्यावरून मराठी. हिंदी अवतार फारसा कुणाला आठवत नाही. मराठीत तोच सांगाडा अजरामर झाला याचं श्रेय मी वसंत सबनीसांच्या लेखणीला देतो. सबनीस 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे. लोकनाट्यातली बतावणी त्यांच्या हातात मुरलेली होती. तमाशातल्या गवळण-बतावणीत गोष्ट नवी नसतेच. गवळण अडवली जाणार, पेंद्या बोलणार, मावशी ठसक्यात उत्तर देणार, हे पारावरच्या पोरालाही माहीत असतं. तो बघायला येतो आज कसं बोलतात ते. अशा प्रेक्षकासाठी लिहायची सवय असलेल्या लेखकाने रहस्यावर भिस्त ठेवली नाही, बोलण्यावर ठेवली. शिवाय जागेची टंचाई, चिकट घरमालक, भाडेकरूवर घातलेले निर्बंध हे पुण्याला काही परभाषेतून आणावं लागलं नाही.

हृषीदांनी पुढे 'चुपके चुपके' (१९७५) आणि 'गोलमाल' (१९७९) केले, आणि दोन्हींत गुपित प्रेक्षकाच्या हाती आधीच ठेवलं. 'चुपके चुपके'मध्ये तर ड्रायव्हर म्हणून आलेला माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे हे हळूहळू सगळ्यांना कळतं, उरतात फक्त ओमप्रकाश. 'गोलमाल'मध्ये अमोल पालेकरांच्या मिशीवर सगळा डोलारा उभा आहे आणि फसतात उत्पल दत्त. या दोन्ही चित्रपटांत फसणारा माणूस मूर्ख नाही. त्याची स्वतःची ठाम, जवळजवळ तात्त्विक मतं आहेत, शुद्ध भाषेबद्दल किंवा मिशीबद्दल, आणि त्या मतांमुळेच तो फसतो. मूर्खाला फसवताना एकदाच हसू येतं. आपल्या हुशारीची खात्री असलेल्याला फसताना पाहणं कधी जुनं होत नाही.

काही चित्रपट मात्र पहिल्यांदा पडतात आणि पुन्हा पाहिल्यावर उभे राहतात. राजकुमार संतोषींचा 'अंदाज अपना अपना' १९९४ला आला तेव्हा तिकीटबारीवर चालला नाही. नंतर व्हिडिओ आणि केबलवर तो असा काही रुजला की त्यातली वाक्यं कॉलेजच्या कट्ट्यांवर सांकेतिक भाषा झाली. कारण सरळ आहे. चित्रपटात जुळ्यांची अदलाबदल, हिरे, दोन खोटारडे नायक, शिवाय सगळ्यांची अर्धवट ऐकू येणारी बडबड. पहिल्या वेळी प्रेक्षक कथानकाच्या मागे धावतो आणि त्याची दमछाक होते. कथानक डोक्यातून उतरलं की मगच त्याला कोपऱ्यातला विजू खोटेंचा रॉबर्ट दिसतो. अशा चित्रपटाचं पहिलं पाहणं म्हणजे पानावरचं मीठ-लिंबू, जेवण पुढच्या वेळी.

'जाने भी दो यारो'चं (१९८३) प्रकरण वेगळं, आणि मला त्याबद्दल बोलताना थोडं सांभाळून बोलावंसं वाटतं. कुंदन शहांनी एनएफडीसीच्या तुटपुंज्या पैशांत केलेला हा चित्रपट. सगळ्यांना आठवतो तो शेवटाकडचा महाभारताचा प्रसंग: सतीश शहांचा आयुक्त डिमेलो प्रेत झालेला, ते प्रेत द्रौपदीच्या साडीत, त्यासाठी रंगमंचावर ओढाताण, वस्त्रहरण होऊ द्यायलाच कुणी तयार नाही, आणि आंधळा धृतराष्ट्र पुन्हापुन्हा विचारतोय की चाललंय काय. दुःशासन झालेत विधू विनोद चोप्रा, जे निर्मितीची व्यवस्थाही बघत होते. प्रसंग कितीदाही पाहा, गडबडा लोळायला लावतो. पण या चित्रपटाचा शेवट कडू आहे. दोन्ही भाबडे फोटोग्राफर कैदी होतात, खरे गुन्हेगार सुटतात. पहिल्यांदा हा शेवट थोबाडीत बसतो. दुसऱ्यांदा पाहताना तो सुरुवातीपासून सोबत असतो. धृतराष्ट्राचा तोच प्रश्न आता नुसता आचरटपणा राहत नाही. हसू कमी होत नाही, पण घशाशी काहीतरी अडकतं. विनोदी चित्रपट पुन्हा पाहिल्यावर बदलतो, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी हा विषय थोडाफार तपासला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेकडो वाचकांना चेकॉव्ह, अगाथा ख्रिस्ती, रोआल्ड डाल वगैरेंच्या कथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही प्रयोगांत उलटही निघालं, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. दुसरं निरीक्षण रॉबर्ट प्रोव्हाइन यांचं. हसण्याचा अभ्यास करण्यात त्यांनी हयात घालवली. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो, असं त्यांना आढळलं. आणि माणसं गप्पा मारताना ज्या वाक्यांवर हसतात त्यातली बहुतेक वाक्यं विनोदी नसतातच. म्हणजे सोफ्यावरचा काका पडद्याच्या आधी वाक्य म्हणतो आणि सगळे हसतात तेव्हा ते निम्मे काकाला हसत असतात. सत्तर रुपयांचं वाक्य आता विनोदापेक्षा ओळखीची खूण झालं आहे. परदेशातल्या एखाद्या कार्यालयात नवा मराठी माणूस भेटला आणि कुणी धनंजय माने इथेच राहतात का असं विचारलं, तर पुढची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि जे टिकत नाहीत ते? गाजलेल्या गाण्याचं किंवा जाहिरातीचं विडंबन मूळ विसरलं गेलं की मरतं. तोतरेपणा, जाडेपणा, काळा रंग यांवर काढलेले हशे दर दहा वर्षांनी जास्त अवघडून टाकतात, आणि ऐंशीच्या दशकातले बरेच मराठी विनोदपट इथे नापास होतात. खुद्द 'बनवाबनवी'तही एखादं-दुसरं गाणं मी पुढे ढकलतो. याउलट 'धुमधडाका'त अशोक सराफ यदुनाथ जवळकर बनून येतात आणि पाइपचा धूर घशात जाऊन 'व्याख्या, विख्खी, वुख्खू' करतात. त्या उद्गाराला अर्थच नाही, त्यामुळे तो शिळाही होऊ शकत नाही. प्रेमाची सगळी धावपळ मी विसरलोय. ही खोकल्याची उबळ मात्र नेमकी कुठल्या क्षणी येते ते ठाऊक आहे, आणि ती यायच्या आधीच खांदे हलायला लागतात.